गाभडलेली म्हैस आणि न उतरणारा ताप

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात असा रुग्ण नवा नसतो. संध्याकाळी कणकण, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, धरलेली कंबर, घटलेले वजन. दुखणे सुरू होऊन दोन-तीन महिने झालेले असतात. गावात टायफॉइडचे औषध देऊन झालेले असते आणि विडाल चाचणीचा कागद पिशवीत घडी घालून ठेवलेला असतो. मग मणक्याचा एक्स-रे निघतो आणि क्षयाचा संशय येतो. घरी म्हैस आहे का, ती मागच्या काही महिन्यांत गाभडली का, हे मात्र तोवर कुणी विचारलेले नसते.

या तापाचे नाव ब्रुसेलोसिस. पशुवैद्यक त्याच रोगाला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. माणसाचा डॉक्टर आणि जनावरांचा डॉक्टर एकाच जंतूशी झगडत असतात, पण दोघांची गाठ क्वचितच पडते.

म्हशीचे गाभडणे म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवे. मुळात म्हैस गाभण राहणेच अवघड. तिचा माज बहुतेक वेळा मुका असतो. गायीसारखी ती हंबरून गोठा डोक्यावर घेत नाही. लक्षणे दिसली तरी रात्री किंवा पहाटे दिसतात आणि उन्हाळ्यात तर तीही दिसत नाहीत. माज चुकला की तीन आठवडे वाट पाहायची. रेतन करूनही उलटली तर पुन्हा तेच. एवढे करून गाभ राहिला की दहा महिने सांभाळायचे, आणि सातव्या-आठव्या महिन्यात ती गाभ टाकते. पारडू गेले, वार अडकली, दूध एक तर येत नाही किंवा जेमतेम येते. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्याचे वर्ष तिथेच बुडते. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ११ कोटी म्हशी आहेत आणि देशाच्या दुधातला जवळपास निम्मा वाटा त्यांचा आहे. हे दूध मोठ्या फार्मांतून कमी आणि अशा दोन-चार जनावरांच्या दावणीतून जास्त येते.

प्रत्येक गर्भपात ब्रुसेलाचाच असतो असे नाही. लेप्टोस्पायरा, काही विषाणू, उष्मा, निकृष्ट चारा, मार लागणे, कारणे पुष्कळ आहेत. पण शेवटच्या तिमाहीत म्हैस गाभडली तर तपासणी होईपर्यंत तो ब्रुसेलाच समजावा, यात शहाणपण आहे.

हा जंतू धूर्त आहे. बाधित म्हैस बहुधा एकदाच गाभडते. पुढच्या वेताला ती पूर्ण दिवस भरून व्यालेली दिसते आणि मालक सुटकेचा श्वास सोडतो. रोग मात्र गेलेला नसतो. वितानाच्या स्रावातून आणि दुधातून जंतू बाहेर पडतच राहतात. दिसायला धडधाकट असलेली ही म्हैस बाजारात चांगल्या भावाने विकली जाते आणि तिच्याबरोबर रोग दुसऱ्या गावच्या गोठ्यात जातो. घेणाऱ्याला काही कळायचा मार्ग नसतो, आणि विकणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

माणसाच्या आणि जनावराच्या रोगाचा हा धागा जुळायलाही फार वेळ लागला. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी माल्टात तापाने मेलेल्या सैनिकांच्या शरीरातून एक जंतू वेगळा केला. दहा वर्षांनी डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांना गाभडणाऱ्या गायींत दुसरा जंतू सापडला. या दोन्ही जंतूंचे जवळचे नाते आहे, हे ॲलिस इव्हान्स या अमेरिकी संशोधिकेने १९१८ मध्ये दाखवले आणि कच्चे दूध धोक्याचे असल्याचा इशारा दिला. त्यावर अनेक मान्यवरांनी नाके मुरडली. असे असते तर आधीच कुणाच्या लक्षात आले नसते का, हा त्यांचा युक्तिवाद. त्यातून सांगणारी बाई, तीही डॉक्टरेट नसलेली. १९२२ मध्ये प्रयोगशाळेतच इव्हान्स यांना हा संसर्ग झाला आणि पुढची अनेक वर्षे त्या तापाने आजारी पडत राहिल्या. त्यांचे म्हणणे जगाने यथावकाश मान्य केले. आपल्याकडच्या केसपेपरने ते अजून पुरते मान्य केलेले दिसत नाही.

दुधाची भीती घालण्याचे कारण नाही. उकळल्याने आणि पाश्चरीकरणाने हा जंतू मरतो. दूध तापवायची आपली घरोघरची सवय इथे फार उपयोगी पडते. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध पिण्याची प्रथा आहे आणि तिचा अभिमानही आहे. पण त्या म्हशीची ब्रुसेलाची तपासणी झाली आहे का, हा प्रश्न पेला हातात घेणाऱ्याने विचारायला हरकत नाही. धारोष्ण दूध पचायला हलके असते हे ऐकीव आहे. त्यातला जंतूचा धोका मात्र सिद्ध झालेला आहे.

याहून मोठा धोका गोठ्यात आहे. अडकलेली वार उघड्या हाताने ओढली जाते. पडलेला गर्भ उकिरड्यावर टाकला जातो, तिथून कुत्री तो गावभर नेतात. घाण झालेली जमीन झाडून घ्यायचे काम बहुधा घरातल्या बाईकडे असते. हाताला एखादी चीर असली तरी जंतूला तेवढी वाट पुरते, आणि उडालेल्या थेंबांतून तो डोळ्यांवाटे, श्वासावाटेही शिरतो. हातमोजे घालावेत, वार आणि गर्भ चुना टाकून खोल पुरावा, ती जागा जंतुनाशकाने धुवावी, गाभडलेली म्हैस काही आठवडे वेगळी बांधावी. यात महागडे काहीच नाही.

विज्ञान कमी पडते आहे, असे म्हणायला जागा नाही. हिस्सारला १९८५ पासून केंद्रीय म्हैस संशोधन संस्था आहे. कर्नालला २००९ मध्ये म्हशीच्या पारडाचे क्लोनिंग यशस्वी झाले. ब्रुसेलाची प्राथमिक चाचणी तर अगदी साधी आहे. रक्तद्रवाचा एक थेंब, रंगीत प्रतिजनाचा एक थेंब, आणि चार मिनिटांत उत्तर. लसही आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या खुरकुताबरोबर ब्रुसेलोसिसचाही समावेश झाला. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आणि पारड्यांना ही लस आयुष्यात एकदाच टोचायची असते. ती संधी गेली की गेली. लस जिवंत जंतूची असल्याने टोचणाऱ्यालाच सुई लागली तर त्यालाही आजार होऊ शकतो. या पशुवैद्यकांच्या आणि पशुधन पर्यवेक्षकांच्या हातमोजांची, चष्म्यांची विचारपूस आरोग्य खात्यानेही करावी.

पण लस टोचलेली पिढी दावणीला येईपर्यंत आज बाधित असलेल्या म्हशींचे काय, या प्रश्नाला धोरणात धड उत्तर नाही. २००९चा प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांचा कायदा रोग कळवायला सांगतो. कळवणाऱ्याच्या पदरात काय पडते? तपासणीत म्हैस बाधित निघाली तर तिची किंमत कोसळते आणि गावात गोठ्याचे नाव खराब होते. तपासणी न करता आठवडी बाजार गाठणे हा त्याच्या दृष्टीने सरळ हिशेब आहे. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे, पण कर्ज काढून म्हैस घेतलेला कुणीही तेच करेल. अमेरिकेने १९३४ मध्ये मंदीच्या काळात निर्मूलन मोहीम सुरू केली, तेव्हा बाधित जनावरांचे पैसे मालकाला मोजले. आपल्याकडे जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आला आहे, नोंदीची सोय झाली आहे. भरपाईची तरतूद न करता त्या नोंदीत तपासणीचा निकाल चढवायला सुरुवात केली, तर शेतकरी बिल्लाच टाळेल.

रुग्णालयाच्या बाजूला करायचे काम याहून पुष्कळ सोपे आहे. निदान झाले तर माणसाचा ब्रुसेलोसिस बरा होतो. दोन प्रतिजैविके मिळून सहा आठवडे घ्यावी लागतात. एकच औषध दिले किंवा मध्येच सोडले तर ताप परततो. क्षय समजून उपचार सुरू झाले तर त्यांतल्या रिफाम्पिसिनने काही काळ बरेही वाटू शकते, आणि चुकीचे निदान अधिकच घट्ट होते. म्हणून दोन-तीन आठवड्यांवर गेलेल्या तापात गोठ्याची चौकशी व्हायलाच हवी. केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असतो. रोज पहाटे धारा काढणाऱ्या, शेण काढणाऱ्या, म्हैस विताना शेजारी बसून राहणाऱ्या बाईपुढे त्यात 'गृहिणी' असे लिहिले जाते. तिथे एक शब्द वाढवायला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.