फुफ्फुसांची तपासणी : खरा हिशेब कोणता?

फुफ्फुसाच्या कर्करोगाचे दुर्दैव हे की, तो आरंभी मुकाट असतो. खोकल्यातून रक्त पडू लागते, वजन झपाट्याने उतरते, तोवर बहुधा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. म्हणूनच धूम्रपान करणाऱ्यांची व ते सोडलेल्यांचीही लक्षणांपूर्वीच तपासणी करावी, हा विचार पुढे आला. त्याला पुरावाही आहे. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी किरणमात्रेचा सीटी स्कॅन तीन वर्षे दरसाल काढलेल्या गटात, एक्स-रे काढलेल्या गटापेक्षा, या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी आढळले. वर्षाकाठी छातीचा एक्स-रे काढला की निश्चिंत, ही समजूत मात्र निराधार ठरली.

मग आपल्याकडे ही तपासणी सरसकट का सुरू करू नये? याच अभ्यासाची दुसरी बाजू येथे पाहावी लागते. सुमारे ३२० जणांची तपासणी केली तेव्हा एक मृत्यू टळला. आणि स्कॅनमध्ये जे संशयास्पद आढळले, त्यांपैकी शेकडा ९६ निष्कर्ष कर्करोगाचे नव्हतेच. म्हणूनच अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाची २०२१ ची शिफारस केवळ ५० ते ८० वयाच्या अशा व्यक्तींपुरती आहे, की ज्यांनी रोज एक पाकीट या प्रमाणात वीस वर्षे धूम्रपान केले, आणि जे अद्याप ते करतात वा ज्यांनी ते गेल्या पंधरा वर्षांत सोडले.

आपल्याकडे तर क्षयरोगाचा प्रादुर्भाव मोठा. तो बरा झाला तरी फुफ्फुसावर व्रण व गाठी राहतात, आणि स्कॅनमध्ये त्या कर्करोगासारख्या भासू शकतात. शिवाय आपला धूम्रपी प्रामुख्याने बिडी ओढणारा. त्याला पाकिटाचे माप जसेच्या तसे लागू पडत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, स्कॅनची किंमत हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता होय. पुन्हा स्कॅन, गाठीचा तुकडा काढून तपासणे, शस्त्रक्रिया, आणि या साऱ्यांत बुडणारी मजुरी, ही साखळी त्यापुढे येते. जिल्ह्याच्या गावी यंत्र बसले, परंतु पुढील प्रत्येक पायरीसाठी रुग्णाला मुंबईची वाट धरावी लागली, तर त्या यंत्राने त्याच्या पदरी काय टाकले? केवळ धास्ती आणि कर्ज. ज्याने आयुष्यात विडी-सिगारेट शिवलेली नाही अशा तिशीतल्या नोकरदारालाही ‘संपूर्ण तपासणी’च्या नावाखाली हाच स्कॅन विकणे, हा तर निव्वळ व्यापार आहे.

तेव्हा शासनाने यंत्रांच्या खरेदीपासून नव्हे, तर साखळीपासून आरंभ करावा. मोजक्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, निवडक वयोगटातील दीर्घकाळ धूम्रपान केलेल्यांसाठी, निदानापासून शस्त्रक्रियेपर्यंतची सोय विनामूल्य असावी. प्रत्येक निष्कर्षाची नोंद ठेवली, तर बिडीचा आपला स्वतःचा हिशेब हाती येईल. आणि व्यसन सोडविण्याचे साहाय्य त्याच दारात मिळावे. कारण स्कॅन निर्दोष आला म्हणजे पुन्हा पाकीट उघडण्याचा परवाना मिळाला, असा अर्थ कोणी काढता कामा नये. तपासणी काही मृत्यू टाळील. धूम्रपान सुटल्याने टळणारे मृत्यू त्याहून कितीतरी अधिक असतील. अग्रक्रम कशाला, हे ठरविण्यास याहून वेगळा हिशेब नको.