कागदाचे पोट, वाढणारा हात

जुलै 2025 मध्ये समोसा आणि जिलेबी यांनी थेट राष्ट्रीय बातम्यांत जागा पटकावली होती. कार्यालयांमध्ये तेल आणि साखरेचे प्रमाण सांगणाऱ्या पाट्या लावा, अशी सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने केली, नागपूरच्या ‘एम्स’चे नाव पुढे आले आणि बघता बघता ‘आता समोशावरही सिगारेटसारखा इशारा’ अशी आवई उठली. विक्रेत्यांच्या पदार्थांवर कसलाही इशारा छापायचा नाही, असा खुलासा शेवटी मंत्रालयाला करावा लागला. पाटी वाचली कोणी ठाऊक नाही, तिच्यावरचे विनोद मात्र घरोघरी पोचले. अतिखाण्याबद्दल लोकांशी बोलायचे असेल तर ही वाट धरायला हरकत नाही. पाच मिनिटांचा, कागदी कातरणे हलवून केलेला, काळ्या विनोदाचा एक लघुपट करावा. फक्त त्यातले हसू खाणाऱ्याच्या पोटावर न पडता वाढणाऱ्याच्या हातावर पडले पाहिजे.

अतिखाण्यावरचा पडद्यावरचा सगळ्यांत गाजलेला काळा विनोद 1983 चा. माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या ‘द मीनिंग ऑफ लाइफ’मध्ये मिस्टर क्रिओसोट नावाचा अवाढव्य गृहस्थ महागड्या उपाहारगृहात येतो, ओकतो, पुन्हा खातो, सगळा मेन्यू संपवतो आणि अखेर फुटतो. लोकांना आठवते ते हे फुटणे. पण प्रसंग नीट पाहिला तर तो जॉन क्लीझने रंगवलेल्या अदबशीर मुख्य वाढप्याचा आहे. आता पुरे, असे गिऱ्हाईक स्पष्ट सांगत असताना तो पुदिन्याचे एक पातळसे चॉकलेट पुढे करतो, नको म्हटले तरी गोड बोलून तोंडात सारतो आणि स्वतः आडोशाला पळतो. स्फोटानंतर शांतपणे बिल आणून ठेवणाराही तोच. विनोदाची धार त्या बिलात आहे. याच मंडळींतला टेरी गिलियम जुन्या चित्रांची आणि छायाचित्रांची कातरणे सरकवून त्यांच्या टीव्ही मालिकेतले अ‍ॅनिमेशन करत असे. ब्राँझिनोच्या चित्रातून कापलेले भलेमोठे पाऊल वरून आदळते, ते त्याचेच. मात्र क्रिओसोटचा प्रसंग माणसांनी अभिनय करून झाला, आणि माझ्या मते तिथेच तो थोडा फसला. ते प्रचंड शरीर पडदा इतका व्यापते की वाढपी नजरेतून सुटतो.

वाढप्याकडे बोट दाखवण्याला पुरावा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी 20 प्रौढांना चार आठवडे मुक्कामाला ठेवले. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न, दोन आठवडे साधे. दोन्ही वेळी पुढे ठेवलेल्या अन्नातले उष्मांक, साखर, स्निग्धांश आणि तंतू सारखेच, आणि खावे तितके खा अशी मुभा. तीच माणसे अतिप्रक्रिया केलेले अन्न असताना रोज सुमारे 500 किलोकॅलरी जास्त खाऊन गेली, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दिसले. दोन आठवड्यांत त्यांचा निग्रह बदलला नव्हता, ताटात येणारे बदलले होते. प्रयोग लहान आणि थोड्या दिवसांचा, हे खरे. पण आग्रहाचे जेवण जेवलेल्या मराठी माणसाला त्याचे नवल वाटायचे कारण नाही. पाहुणा पानावर हात आडवा धरतो आणि वाढपी बोटांच्या फटीतून जिलेबी सोडतो. ‘एवढी एक तरी घ्या’ म्हणणाऱ्याच्या मनात निदान माया तरी असते. आज तेच वाक्य मोबाइलच्या पडद्यावर येते: आणखी साठ रुपयांचे मागवा, घरपोच सेवा फुकट. इथे मायेच्या जागी हिशेब आहे.

आता कागद कशासाठी? कातरणाचा माणूस चपटा असतो. जाड कार्डशीटचे धड, खांद्याला आणि कोपराला दोरा ओवून मागे मारलेली गाठ, वेगळा कापलेला जबडा. काचेवर ठेवून तो जरासा हलवायचा, वरच्या कॅमेऱ्याने एक फोटो, पुन्हा हलवायचा. सेकंदाला 12 फोटो धरले तर पाच मिनिटांना 3,600 लागतात. काम स्वस्त आहे, झटपट नाही. रशियन अ‍ॅनिमेशनकार युरी नॉर्श्टाइन 1981 पासून कातरणांतून ‘ओव्हरकोट’ हा चित्रपट करतो आहे आणि तो अजून पुरा झालेला नाही. खरी मेख पोटाची. कागद फुगत नाही. पोट वाढायचे तर आधीच्यापेक्षा थोडे मोठे असे पंधरा-वीस तुकडे कापून एकामागून एक बदलावे लागतात. त्यामुळे जाडी हा देहाचा किळसवाणा गुण न राहता कोणीतरी बाहेरून केलेली करणी दिसते. वाढणाऱ्याला तर धडच देऊ नये: चौकटीच्या कडेतून फक्त हात यावा, बाहीची घडी न मोडलेला.

जाड्या माणसांची टिंगल आधीच काय कमी होते, हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच वरची अट सोडून चालणार नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: उपासमारीच्या देशात अतिखाण्यावर हसणे शोभते का? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 24 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा स्थूल आढळल्या, 18.7 टक्के कृश, आणि पाच वर्षांखालच्या 35.5 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली. ही दोन्ही टोके एका चौकटीत मावतील असे माध्यम कातरणाचेच. पोटाचा प्रत्येक नवा तुकडा एकाच मोठ्या कागदातून कापा आणि तो कागद मागे टांगलेला राहू द्या. पुढे पोट वाढते तसे मागे भोक वाढते. शब्द एकही लागत नाही. अन्नाची थट्टा आपल्याकडे चालत नाही, असे म्हणणाऱ्यांनी बकासुराचा गाडा आठवावा: पाठीवर राक्षसाचे तडाखे पडत असताना भीम त्याच्याच गाड्यातले अन्न निवांत खात बसतो. कुबेराच्या मेजवानीच्या गोष्टीत तर सारे काही फस्त करणाऱ्या गणपतीला कोणी दोष देत नाही, फजिती होते ती श्रीमंती मिरवणाऱ्या यजमानाची.

अशा लघुपटाने कोणाचे वजन उतरेल का? उतरणार नाही. तो दावा पाटीनेही करू नये. पण ‘मला आवरत नाही’ असे म्हणून स्वतःलाच खात बसणाऱ्याला आपल्या पानात वाढतो कोण हे दिसले, तरी पाच मिनिटे सत्कारणी लागली. त्यासाठी परदेशी स्टुडिओ धुंडाळायला नको. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत कातडे कापून केलेल्या बाहुल्या दिव्यापुढे नाचवत आले आहेत. त्यांना आणि कलामहाविद्यालयांतल्या मुलांना आरोग्य खात्याने एका टेबलाशी बसवावे. संहितेत त्याने एकच गोष्ट तपासावी: शेवटी जाडा माणूस फुटत असेल तर ती परत पाठवावी. शेवटच्या चौकटीत तो हात पुढच्या पानाकडे वळलेला हवा.