विसण

आमच्या लहानपणी न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. आई घंगाळात कढत पाणी काढायची, त्यात गार पाण्याचं विसण घालायची, हात बुडवून बघायची आणि मगच हाक मारायची. आजच्या मुलांना 'विसण' हा शब्दच ठाऊक नाही. शब्दाबरोबर हात बुडवून बघायची रीतही गेली. त्याची किंमत मी मागच्या डिसेंबरात मोजली.

आमच्या गच्चीवर सोलर आहे. मी शॉवरखाली उभा, तोंडाला साबण. सोलापूरकरांना सांगायला नको, पाणी येण्याच्या आदल्या दिवशी टाकी तळाला गेलेली असते. त्यात खाली सौ.नं मोरीचा नळ सोडला. गार पाण्याचा जोर गेला आणि पाठीवर नुसतं कढत पाणी आलं. पंधरा दिवस पालथं झोपलो. नातू असता तर? विचारच नको.

पाणी ६० अंशांवर असलं तर मोठ्या माणसाची कातडीही पाचेक सेकंदांत भाजते. ४९ अंशांवर त्याला काही मिनिटं लागतात, म्हणजे बाजूला व्हायला वेळ मिळतो. गिझरला निदान थर्मोस्टॅट असतो. सूर्याला कुठला? आपल्याकडच्या उन्हात सोलरचं पाणी साठाच्या वर सहज जातं. आणि आमच्या वयात कातडी पातळ, पाय लवकर हलत नाहीत. मधुमेह असेल तर पायाला चटका कळतही नाही.

यावर उपाय आहे. नळाच्या आत मेणाची छोटी कुपी असते. पाणी तापलं की मेण फुगतं आणि गरम पाण्याची वाट अडवतं. गार पाणी बंद पडलं तर गरमही बंद होतं. म्हणजे विसण घालणारा नळच! इंग्लंडमध्ये २०१० पासून नव्या घरांत बाथटबला येणारं पाणी ४८ अंशांच्या वर जाऊ नये असा नियम आहे. आपल्या राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत मोठ्या इमारतींवर सोलरची तरतूद आहे. माझं म्हणणं एवढंच, की जिथे गरम पाण्याची सक्ती, तिथे या नळाचीही असावी आणि इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देताना तो तपासावा.

"माणसानं जपून वागावं, नियम कशाला?" असं आमचे एक मित्र म्हणाले. मी म्हटलं, कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो काय घरातली बाई वेंधळी असते म्हणून? चूक कधीतरी होणारच, ती जिवावर बेतू नये म्हणून तो असतो.

असो. नियम येईल तेव्हा येईल. तोवर नळ घेताना कमी दाबावर चालणारा आहे ना, हे दुकानात विचारून घ्या. तेही जमत नसेल तर बादलीच बरी. आधी गार पाणी, मग गरम. आणि हात बुडवून बघा.