ताईच्या लग्नाच्या तबकड्या

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचा एखादा विसरलेला डबा तुमच्याही हाती लागत असेल. मिरजेला माहेरी गेले होते, तेव्हा मला असाच एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत ताईच्या २००४ सालच्या लग्नाच्या तीन व्हीसीडी होत्या आणि माझ्या २०१२ सालच्या लग्नाच्या दोन डीव्हीडी. त्या लावायचा प्लेअर मात्र केव्हाच भंगारवाल्याकडे गेलेला!

मी डबा परत वर ठेवणार, तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, ह्यांचा आवाज आहे त्यात. एकदा ऐकव ना मला."

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. ताईच्या लग्नात त्यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं स्वतःच म्हटली होती. माझ्या लग्नापर्यंत त्यांचा दमा इतका बळावला होता की नुसत्या अक्षता टाकतानाही त्यांना धाप लागत होती. म्हणजे त्यांचा तो खडा आवाज उरला होता फक्त ताईच्या दुसऱ्या व्हीसीडीत.

मी काही संगणकातली तज्ज्ञ नव्हे. सकाळी चार तास शाळेत मराठी शिकवायचं आणि मग घर. पण दोन रविवार खटपट करून त्या तबकड्यांवरचं सगळं टीव्हीवर आणि मोबाइलवर चालेल अशा 'एमपी४' स्वरूपात उतरवलं. वाटेत ज्या अडचणी आल्या, त्या तुम्हालाही येणारच. म्हणून हा सगळा पाढा वाचते आहे.

पहिली अडचण म्हणजे नव्या लॅपटॉपला तबकडी घालायची जागाच नसते. बाहेरून जोडायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो, तो डीव्हीडी आणि व्हीसीडी दोन्ही वाचतो. तबकडी घातली की नुसतीच कुरकुर होते आणि काही दिसत नाही, असं झालं तर आधी वायर पाहा. एकाला चार जोड असलेल्या हबमध्ये ड्राइव्ह लावला असेल तर त्याला पुरेशी वीज मिळत नाही. तो थेट लॅपटॉपलाच जोडा.

मग तबकडी पुसायची. गोल गोल घासू नका. जुन्या मऊ सुती कापडानं मध्यापासून कडेकडे सरळ पुसा. बोटांचे डाग निघत नसतील तर कापड किंचित ओलं करा आणि तबकडी पूर्ण वाळल्याशिवाय आत घालू नका. चरे जायला टूथपेस्ट लावा, असं मला दोघींनी सांगितलं. कृपा करून हा प्रयोग एकुलत्या एक तबकडीवर करू नका. पेस्टच्या कणांनी नवे चरे पडू शकतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तबकडीवरून थेट रूपांतर करायला बसू नका. आधी तिच्यातलं सगळं जसंच्या तसं लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि मग त्या प्रतीवर काय ते प्रयोग करा. थेट रूपांतरात तबकडी मध्येच अडखळली की ओठ पुढे आणि आवाज मागे, अशी गंमत होते. शिवाय प्रत हाताशी असली की दहादा चुकलं तरी चालतं.

व्हीसीडी उघडली की 'एमपीईजीएव्ही' नावाचं फोल्डर दिसतं. त्यात 'डॅट' शेपटीची एक मोठी फाइल असते, तेच आपलं लग्न. ती लॅपटॉपवर उतरवून शेपटी बदलून 'एमपीजी' केली की बहुतेक वेळा चालू लागते. माझी चालेना! अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की विंडोज शेपट्या लपवून ठेवतं, त्यामुळे मी केलेली नवी शेपटी जुनीच्या पुढेच बसली होती. 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' आधी चालू करा आणि मगच नाव बदला. व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर असेल तर तो 'डॅट' फाइलसुद्धा तशीच चालवून दाखवतो.

डीव्हीडीची तऱ्हा वेगळी. तिच्यात 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर असतं आणि आत 'व्हीओबी' शेपटीच्या बऱ्याच फाइली. एकेक तुकडा जास्तीत जास्त एक जीबीचा, त्यामुळे लग्न चार-पाच तुकड्यांत विभागलेलं असतं. कित्येकजणी पहिलाच तुकडा उचलतात आणि मग म्हणतात, "अय्या, सीमांतपूजन आलं आणि लग्नच नाही!" एखादी फाइल नव्हे, पूर्ण फोल्डर उतरवा. मग हँडब्रेक हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घेऊन त्यात ते अख्खं फोल्डर उघडा. 'टायटल'च्या यादीत प्रत्येकाची लांबी दिसते. सगळ्यात लांब असेल ते बहुधा आपलं लग्न. दोन-तीन मिनिटांची असतात ती सुरुवातीची फुलाफुलांची चित्रं. 'फास्ट ५७६पी२५' हा तयार पर्याय आपल्याकडच्या डीव्हीडींना बरोबर बसतो. त्या 'एमपीजी' केलेल्या व्हीसीडीच्या फाइलचंही याच प्रोग्रॅममध्ये 'एमपी४' होतं.

रूपांतर झाल्यावर काय काय बिघडू शकतं, तेही सांगते.

हलत्या हातांवर, बांगड्यांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या, तर 'फिल्टर्स'मधलं 'डीइंटरलेस' चालू आहे ना ते पाहा. जुन्या टीव्हीसाठी केलेल्या चित्रणात ओळी एकाआड एक भरलेल्या असतात, त्या नव्या पडद्यावर अशा उघड्या पडतात.

चित्र दिसतं पण आवाज नाही, असं झालं तर 'ऑडिओ'त 'एएसी' निवडून पुन्हा करा. डीव्हीडीतला मूळ आवाज काही टीव्हींना आणि मोबाइलना ऐकूच येत नाही.

सगळी वऱ्हाडी मंडळी आडवी सुटलेली दिसली, तर फाइलीला दोष देण्याआधी टीव्हीचा रिमोट घ्या. जुनं चित्र चारास तीन अशा मापाचं असतं आणि रुंद टीव्ही ते ताणून बसवतो. कडेला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या.

चित्र मोठं करून ते स्वच्छ होईल, ही आशा सोडा. व्हीसीडीचं चित्र मुळातच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. पातळ आमटीत कितीही पाणी घातलं तरी ती दाट होत नाही. फाइल तेवढी फुगते.

पेनड्राइव्हवर जागा असूनही फाइल बसत नसेल, तर तो 'फॅट ३२' पद्धतीचा असेल. त्याला चार जीबीहून मोठी फाइल चालत नाही. रूपांतर केलेलं लग्न सहसा त्याहून लहानच होतं.

हे सगळं जमलं, आणि ताईची दुसरी व्हीसीडीच अडली. निम्म्यावर उतरली की थांबायची. चकचकीत बाजू आरशासारखी स्वच्छ! मग उलटी करून उजेडात धरली आणि माझ्या पोटात गोळा आला. वरच्या बाजूला माझंच अक्षर होतं. 'ताईचं लग्न, भाग २', बॉलपेननं, चांगलं दाबून आणि खाली रेघ मारून. तेव्हा शाळेत सुंदर अक्षराचं बक्षीस मिळवत होते ना मी!

मैत्रिणींनो, आपण खालची बाजू जपतो, पण सीडीत चित्र-आवाजाचा थर असतो नावाच्या बाजूला, पातळशा पापुद्र्याखाली. डीव्हीडीत तो दोन प्लास्टिकच्या मधोमध असतो, म्हणून ती जरा सोसते. माझ्या पेनचं टोक थेट बाबांच्या आवाजावर दाबलं गेलं होतं.

दोन दिवस मी आईला काही बोलले नाही. मग शाळेत सहज विषय काढला, तर शिपाईमामांनी अडगळीतला एक जुना संगणक दाखवला. एक ड्राइव्ह नाकारतो ती तबकडी दुसरा वाचतो, असं होऊ शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या संगणकानं पाऊण तास कण्हत-कुंथत पूर्ण फाइल उतरवली. तीत फक्त तिसऱ्या अष्टकाशी चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि सहा-सात सेकंद आवाज गेला.

तेव्हा आजच दोन गोष्टी करा. तबकडीवर बॉलपेननं लिहिलेलं असेल तर तिचा नंबर पहिला लावा. यापुढे लिहायचंच तर मऊ टोकाच्या, सीडीसाठीच्या मार्करनं लिहा. आणि उतरवलेल्या फाइलींच्या दोन प्रती दोन घरांत ठेवा. मूळ तबकड्याही टाकू नका. उन्हापासून दूर, उभ्या ठेवा. हे सगळं अर्थात घरच्या चित्रणापुरतं. बाजारातल्या सिनेमांच्या तबकड्यांना कुलूप असतं आणि त्यावर हक्क दुसऱ्याचा असतो. त्यांच्या वाटेला आपण जायचं नाही.

मागच्या रविवारी आईला टीव्हीसमोर बसवलं. अंतरपाट धरला गेला आणि बाबांचा आवाज घरभर झाला. आई पदराशी चाळा करत ऐकत होती. तिसरं अष्टक आलं, चौकोन झाले, आवाज गेला. मी मान खाली घातली. आणि आईनं तेवढी ओळ म्हटली, त्याच चालीत, अगदी सहज. पुढच्या ओळीला बाबा परत आले.

"रचताना रोज रात्री मलाच तर ऐकवत होते," ती म्हणाली.

मी उठले, मोबाइल आणला आणि तिला पाचही अष्टकं पहिल्यापासून म्हणायला लावली. त्या फाइलीच्याही दोन प्रती केल्या आहेत.