मोबाईलचा विमा : आधी हिशोब, मग सही

कापसा-मक्याचे चार पैसे हातात आले की पोरं पैठणगेटला नवीन मोबाईल घ्यायला निघतात. बिल करताना दुकानदार विचारतोच, "काका, विमा पण टाकू का?" माझं मत सरळ आहे : दहा-बारा हजाराच्या फोनला विमा नको.

हिशोब असा धरा. फोन १२,००० चा, विमा वर्षाला १,२००. स्क्रीन बदलायला समजा ३,००० लागले. म्हणजे अडीच वर्षांचे हप्ते बरोबर एक स्क्रीन. त्यातही बहुतेक विम्यात क्लेमच्या वेळी थोडी रक्कम आपल्याच खिशातून जाते, अन्‌ फोन जुना झाला की त्याची किंमतही कमी धरतात.

आपलं नुकसान कसं होतं तेही बघा. फवारणीच्या नादात फोन बांधावर विसरला, तर नुसतं 'हरवला' बहुतेक विम्यात बसत नाही. चोरीला पोलिसांचा कागद लागतो. बॅटरी बसली तर ती झीज. अन्‌ विहिरीत पडून हाती लागलाच नाही, तर दाखवणार काय?

मग मी विम्याच्या विरोधात आहे का? नाही. एक रुपयात पीकविमा खरीप २०२३ ला आला अन्‌ खरीप २०२५ पासून बंद झाला. आता खरिपाच्या धान्य अन्‌ गळीत पिकाला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत आपला हिस्सा आहे. तो मी भरतो. भरपाईची खात्री नाही, तरी भरतो. कारण पीक गेलं तर वर्ष जातं. फोन गेला तर महिनाभर ओढाताण होते. जे नुकसान आपल्याला झेपत नाही, त्याचाच विमा काढावा. म्हणून कोणी चाळीस हजाराचा फोन हप्त्यावर घेतला असेल, तर त्याने अटी वाचून जरूर विचार करावा. फोन फुटला तरी हप्ते थांबत नाहीत.

बाकीच्यांनी महिन्याला शंभर रुपये बाजूला टाका. जाड कव्हर अन्‌ काच लावा. *#०६# दाबून येणारा १५ आकडी आयएमईआय नंबर घरातल्या वहीत लिहून ठेवा. फोन गेला तर पोलिसात तक्रार द्या, सिम बंद करा अन्‌ 'संचार साथी'वर फोन ब्लॉक करा. ई-पीक पाहणी, बँकेचा ओटीपी, सगळं त्या एका नंबरावर आहे. ते काही विमा परत देत नाही.

कोणाला क्लेम पूर्ण मिळाला असेल तर आकड्यासहित सांगा. हिशोब पटला तर मत बदलू.