आस्वाद कुणाचा : जिभेचा की लेबलाचा?

वाइनचा आस्वाद लिहिणारे मंडळी आपल्या मताला ‘वैयक्तिक’ म्हणतात आणि वादाची वाट बंद करतात. हा बचाव आम्हांस मान्य नाही. फ्रान्समधील ऱ्होन खोऱ्यातली सिरा संयत आणि त्याच द्राक्षाची ऑस्ट्रेलियातली शिराझ भडक, हा निवाडा पुष्कळदा पहिल्या घोटापूर्वीच झालेला असतो.

मॅक्स शुबर्ट यांनी १९५१ साली पेनफोल्ड्ससाठी ‘ग्रेंज’ प्रथम घडवली. तत्कालीन जाणकारांनी तिची हेटाळणी केली. १९५७ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवण्याचा हुकूम काढला, तरी शुबर्ट यांनी ते गुपचूप चालू ठेवले. बाटलीत मुरलेली तीच वाइन पुढे ऑस्ट्रेलियाचा मानबिंदू ठरली. तरीही १९८९ च्या हंगामापर्यंत तिच्या नावाला ‘हर्मिटाज’ हे ऱ्होनकाठचे शेपूट होतेच!

२००१ मध्ये बोर्दो येथे फ्रेदेरिक ब्रोशे यांनी पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. साहित्याच्या अभ्यासकांना यात नवल वाटू नये. आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावे झाकून कविता वाचायला दिल्या, तेव्हा केंब्रिजमध्ये उडालेला गोंधळ ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये १९२९ पासून छापील आहे.

आस्वाद वैयक्तिक असावा, हाच आमचाही आग्रह आहे. म्हणून आधी नाव झाकावे, चाखावे, मत लिहून ठेवावे. लेबल नंतर वाचावे. उसन्या मताला ‘माझे’ म्हणणे ही रसिकता नव्हे.