सात बहिणी आणि एक डोह

परवा ओळखीतल्या एका मुलीने आपली लघुकादंबरी वाचायला दिली. अद्भुतकथा. दोन बहिणी, पाण्यातल्या आसरा, मंत्र, शाप.. सगळं आहे. आणि घडते कुठे, तर थेट तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगुला! तिचं आजोळ त्या भागातलं. तेलुगू, गोंडी, कोलामी आणि मराठी तिथे एकाच बाजारात कानावर पडतात. तेलुगूत 'मडुगु' म्हणजे डोह. गावाच्या नावातच डोह ऐकू येत असेल तर साती आसरा तिथे येणारच. तेलुगूतही अशा सात बहिणी आहेत, अक्कदेवतलु. 'अक्का' म्हणजे थोरली बहीण.

पोरीने लिहिलंय छान. पण शेवट मला खटकला. दोघी बहिणी आपल्या शक्ती एकत्र करतात आणि दुष्ट मांत्रिकाला जाळून टाकतात. हॅरी पॉटर वाचून वाढलेली पिढी, जादू म्हटलं की हातात कांडी येणारच. (आमच्या पिढीच्या हातात 'चांदोबा' होता, म्हणून आम्ही फार शहाणे झालो असं नाही.)

आपल्या लोककथांतल्या बहिणी कुणाला जिंकत नाहीत हो! आपली लईराईच घ्या. सात बहिणी आणि एक भाऊ, खेतोबा. नावांची यादी गावागणिक थोडी बदलते, पण शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई ही नावं आपल्याला पाठ. लईराईने भावाला विस्तव आणायला धाडलं, तो मुलांबरोबर खेळण्यात रमला आणि हिने रागाच्या भरात त्याला लाथ मारली. मग पश्चात्ताप झाला. त्या एका लाथेचं प्रायश्चित्त म्हणून वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत हजारो धोंड अजून निखाऱ्यांवरून चालतात. देवी आहे, तरी तिला चूक माफ नाही. इथे आग शत्रूला जाळायला नाही, स्वतःलाच त्यातून जायचं आहे.

आणि मिराबाई? ती म्हापशाची मिलाग्र सायबीण झाली असं लोक मानतात. धर्म बदलला, देवळाची इगर्ज झाली, पण बहिणीचं नातं तुटलं नाही. सायबिणीच्या फेस्ताला लईराईकडून तेल जातं, लईराईच्या जत्रेला तिकडून मोगरीची फुलं येतात. धर्मांतराच्या इतिहासावर आपण जाडजाड ग्रंथ लिहिले, भांडलोही पुष्कळ. लोकांनी मात्र तेलाची बुधली आणि फुलांची पाटी मधे ठेवून तो प्रश्न आपल्यापुरता सोडवून टाकला. मला तरी याहून मोठी जादू ठाऊक नाही.

तिच्या आजोळीही असं काही मिळालं असतं. त्याच जिल्ह्यात केसलापूरला पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळाचे गोंड गोदावरीचं पाणी अनवाणी चालत जाऊन आणतात, कुळाच्या लेकी नि जावई मातीचं वारूळ घडवतात, नव्या सुनांची देवाशी भेट घालून देतात. वारूळ म्हटल्यावर गोंयकाराला सातेरीची रोयण आठवल्याशिवाय कशी राहील? कुठे केसलापूर, कुठे आपली सातेरी! पण तिच्या कादंबरीत मांत्रिक आहे आणि वारूळ नाही.

मी तिला म्हटलं, मांत्रिकाला काढून टाक. बहिणींना भांडू दे, वेगळ्या गावी जाऊ दे. धाकटीला डोहाशी बसव, थोरलीला डोंगरापलीकडे. मग वर्षातून एकदा एकीकडून दुसरीकडे काहीतरी जाऊ दे.

ती जरा फुरंगटली. मेहनतीने रचलेली लढाई होती तिची, चाळीस पानांची. मग म्हणाली, "काय पाठवेल पण थोरली? डोहात बसलेलीला कशाची उणीव?"

मला पटकन सुचलं नाही. विस्तव, म्हणालो शेवटी. ती वही घेऊन गेलीय, अजून आलेली नाही.